गोष्टीच्या पुस्तकालाही घरात जागा हवी

मूल गोष्टीचे पुस्तक घेऊन बसले की घरातून आवाज येतो, "किस्से-कहाण्या पुरे, अभ्यासाचं पुस्तक काढ." चंद्रपूर-गडचिरोलीकडे शिकवताना आम्हा शिक्षकांना पालकांचे हे म्हणणे नेहमी ऐकायला मिळते. त्यामागची काळजी खरी आहे. 'नीट'च्या परीक्षेत कादंबरीवर प्रश्न येत नाही आणि घरात पुस्तकांसाठी पैसा मोजकाच असतो. काही घरांत आणखी एक शंका असते: जे घडलेच नाही ते वाचणे म्हणजे खोटे वाचणे नव्हे का?

या शंकेचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. कुरआनातील किस्से सत्य आहेत. कादंबरीशी त्यांची बरोबरी होऊच शकत नाही. पण नसीहत मनात उतरवण्यासाठी गोष्टीची वाट किती जवळची, हे सूरह यूसुफ वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. शेख सादींच्या 'गुलिस्तां'मधील हिकायती मदरशांत पिढ्यानपिढ्या शिकवल्या गेल्या. 1869 मध्ये डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही कादंबरी आली. मुलींच्या हाती द्यावे असे पुस्तक हवे, म्हणून त्यांनी अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची गोष्ट रचली. त्यांच्याच 'तौबतुन्नसूह'मध्ये बाप मुलाची पुस्तके जाळतो. गंमत अशी की, पुस्तके जाळणारा हा बापही आपल्याला कादंबरीतच भेटतो! खोटे बोलणारा फसवण्यासाठी बोलतो. कादंबरीकार मात्र ही रचलेली गोष्ट आहे हे लपवत नाही.

मग माहितीची पुस्तके असताना गोष्ट कशाला? याचे उत्तर आपल्या भामरागड तालुक्यात सापडते. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प 1973 मध्ये सुरू झाला. त्याची हकीकत डॉ. प्रकाश आमटे यांनी 'प्रकाशवाटा'त सांगितली आहे. याच प्रकल्पात अनेक वर्षे काम केलेले विलास मनोहर यांनी तिथल्या प्राण्यांवर 'नेगल' लिहिले. तो सारा प्रत्यक्ष अनुभव. पण माडिया तरुणाविषयी लिहायचे ठरले तेव्हा त्यांनी कादंबरी लिहिली, 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. बातमीत 'नक्षलवादी' एवढाच शब्द छापून येतो. कादंबरीत त्या शब्दामागे जुरू नावाचा माणूस उभा राहतो आणि वाचक काही काळ त्याच्या जागी जाऊन जगतो. समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. मात्र समजूनच घेतले नाही, तर आपण शेजाऱ्यालाही ओळखत नाही.

अर्थात, नुसत्या गोष्टींनीही भागत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे गावकऱ्यांच्या अभ्यासगटाची मेहनत आणि कायद्याची नीट माहिती होती. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावची' या पुस्तकात ती हकीकत मांडली आहे. 'शाळा' ही कादंबरीही त्यांचीच. दोन्ही प्रकारचे लेखन एकाच हातून होते, तर दोन्ही प्रकारचे वाचन एकाच घरात का होऊ नये?

आपल्या भागाला हे नवीन नाही. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर रंगते. मंचावरचे दुःख रचलेले आहे हे ठाऊक असूनही लोक डोळे पुसतात. त्या वेळी कोणी त्याला खोटे म्हणत नाही.

आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट पणाला लागलेली आहे. बातमीत आपल्याबद्दलही पुष्कळदा 'मुस्लिम' एवढाच शब्द असतो. प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला हामिद जत्रेत खेळणे न घेता आजीसाठी चिमटा घेतो. ती कथा वाचणाऱ्याला मुस्लिम मूल म्हणजे आपल्याच घरातले मूल वाटते. हे काम आकडेवारीला जमत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. ग्रंथालयातून दोन पुस्तके आणा, एक माहितीचे आणि एक गोष्टीचे. गोष्टीचे पुस्तक आधी स्वतः वाचा. वयाला आणि आपल्या संस्कारांना साजेसे वाटले तर मुलांच्या हाती द्या. इशाच्या नमाजनंतर वीस मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून कोणीतरी मोठ्याने वाचावे. उर्दू असो वा मराठी, दोन्ही आपल्याच भाषा आहेत. वाचून झाल्यावर मुलांना धडा विचारू नका, "त्याच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?" एवढेच विचारा.

बल्लारपूरच्या, ब्रह्मपुरीच्या, वडशाच्या मुस्लिम घरांची गोष्ट मराठीत कोणीतरी लिहायची आहे. ती लिहिणारे मूल आज आपल्याच घरात असेल. त्याच्या हातचे गोष्टीचे पुस्तक काढून घेण्याआधी एवढा विचार अवश्य करावा.