अजिंक्यताऱ्यावरचे पाणी



पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावरील शिवारफेरी आटोपून परतताना वाळवा भागातील सभासदांसह आम्ही साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर गेलो. तटावरून सारे शहर पायाशी दिसते. शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६७३ साली घेतला. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने वेढा घातला, तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो चार महिन्यांवर झुंजवला. मोगलांचा एक सुरुंग उलटून त्यांचीच माणसे गाडली गेली. पुढे १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला.

मग वरची तळी पाहिली. पावसाचे पाणी साठवून त्यावर शिबंदीने दिवस काढायचे. काठावर टेकलेले एक वयस्क सभासद म्हणाले, "सायेब, हितं घागरीनं मोजून वापरलं असंल. आमी पाटानं सोडतो, आन् रान खारावतं."

आम्हाला उत्तर सुचेना. पूर्वी "पाणी भरपूर द्या" असे बांधावर येऊन आम्हीच सांगत होतो.

तेव्हा बंधूंनो, लागणीपूर्वी माती तपासून घ्या, निचऱ्याचे चर काढा, पाणी बेताने द्या. मातीचे नमुने गट कार्यालयात आणून द्यावेत.