एपीएल भाषेतील फलने व कारक

सारण्यांवरील आकडेमोड मोजक्या चिन्हांत मांडणाऱ्या एपीएल या संगणक भाषेतील क्रियांचे दोन वर्ग. केनेथ आयव्हर्सन (१९२०–२००४) या कॅनेडियन गणितज्ञांनी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या संकेतनावर ही भाषा आधारलेली आहे.

फलन सारणीवर लागू होते. त्याला केवळ उजवीकडे किंवा दोन्ही बाजूंना पद असते. फलनांत अग्रक्रम नसून प्रत्येक फलन आपल्या उजवीकडील संपूर्ण पदावलीचे मूल्य घेते. म्हणून ३×२+४ याचे उत्तर १० नव्हे, तर १८ येते.

कारक सामान्यतः फलनावर लागू होऊन त्यापासून नवे फलन साधतो. कारक ज्यावर लागू होतो, त्यास कार्यपद म्हणतात. +/ २ ३ ४ यात / हा कारक, + हे त्याचे कार्यपद, तर २ ३ ४ हे +/ या साधित फलनाचे पद होय. उत्तर ९ येते. -/ २ ३ ४ म्हणजे मात्र २-(३-४), अर्थात ३. पद आणि कार्यपद यांची गल्लत झाल्यास अशा पदावलीचा अर्थ लागत नाही.

हा भेद डायलॉग एपीएल या आवृत्तीत लेखनातच दिसतो. तीत महिरपी कंसातील व्याख्येत डावे पद आल्फा व उजवे पद ओमेगा या ग्रीक अक्षराने दर्शवितात. तीच अक्षरे जोडून दोनदा लिहिल्यास अनुक्रमे डावे व उजवे कार्यपद सूचित होते. दुहेरी अक्षर आढळताच ती व्याख्या फलनाची नसून कारकाची आहे, हे वाचकास कळते.