टायर फुटल्यावर दिवे का विझतात?
ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या विजेच्या दोषांची तपासणी

उसाच्या गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागे जोडलेल्या ट्रॉल्यांची ये-जा रात्रंदिवस चालू असते. ओझे जड, रस्ता खाचखळग्यांचा आणि टायर झिजलेला, अशी तिन्ही कारणे एकत्र आली की वाटेत टायर फुटतो. टायर बदलण्याचे काम बहुतेक चालकांस येते. घटकाभरात चाक बदलून ट्रॅक्टर पुन्हा मार्गाला लागतो. पण ट्रॉलीचा मागचा तांबडा दिवा आता पेटत नाही, ही गोष्ट पुष्कळदा कोणाच्याच ध्यानात येत नाही.

चालकाची दृष्टी पुढे असते आणि मागे उसाची रास आडवी असते. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास अंधारात ट्रॉलीची काळी आकृती दिसते ती अगदी जवळ आल्यावर, आणि तेव्हा वेळ निघून गेलेली असते. म्हणून टायर बदलला की काम संपले असे न समजता, दिव्यांची तपासणी हा त्याच कामाचा उत्तरार्ध मानावा.

दोष कसा उत्पन्न होतो

टायर फुटण्याचा आणि विजेचा प्रत्यक्ष संबंध नसतो. दोष उत्पन्न होतो तो आघाताने. फुटलेल्या टायरची सुटलेली पट्टी चाकाबरोबर फिरते आणि प्रत्येक फेऱ्यास जवळच्या भागावर आपटते. सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाचे ट्रॉलीचे चाक ताशी २० किलोमीटर वेगाने जात असता सेकंदास जवळजवळ दोन फेरे घेते. म्हणजे वाहन थांबेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात एकाच जागी साठ फटके बसतात. चाकावरून गेलेली तार त्यामुळे तुटते, तिचे आवरण सोलले जाते किंवा दिव्याची बैठक मोडते. वाहन एका बाजूस खचल्याने बसणाऱ्या हिसक्यामुळे बॅटरीच्या अग्रांवरील पकडीही सैल होतात.

यावरून तपासणीचा मुख्य नियम निघतो. शोध फुटलेल्या चाकापासून सुरू करावा आणि तेथून बाहेर जावे. दिवा बंद पडला म्हणून एकदम बल्ब बदलणे किंवा बॅटरीला दोष देणे म्हणजे घाव एकीकडे आणि मलम दुसरीकडे, असे होते.

प्रथम सुरक्षितता

वाहन रस्त्याच्या कडेस, शक्यतो कठीण व सपाट जमिनीवर घ्यावे. हँडब्रेक लावून चांगल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड अथवा लाकडी ठोकळे लावावेत. मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. केवळ जॅकवर तोललेल्या भरलेल्या ट्रॉलीखाली तार पाहण्यासाठी कोणीही शिरू नये. चाक बसवून, त्याचे नट आवळून, जॅक काढल्यानंतरच खालची तपासणी करावी.

जळका वास येत असेल किंवा एखादी तार हातास गरम लागत असेल, तर इंजिन बंद करून बॅटरीची जोडणी आधी सोडवावी. सोडवताना ऋण अग्राची तार प्रथम काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. धन अग्र आधी सोडवू गेल्यास पाना सांगाड्यास टेकून मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेणारा असल्याने तिच्याजवळ काडी ओढू नये, विडी पेटवू नये.

लागणारी साधने

फार साधनांची गरज नाही. बारा व्होल्टचा एक बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याला दोन लांब तारा जोडल्या की तपासणीचा दिवा तयार होतो. त्याखेरीज पाना, पेचकस, चाकू, पॉलिश कागद, इन्सुलेशन टेप, थोडी तार, योग्य क्षमतेचे दोन-चार फ्यूज आणि जादा बल्ब एका डब्यात घालून ट्रॅक्टरवर ठेवावेत. मल्टिमीटर मिळाल्यास उत्तमच.

क्रमवार तपासणी

समजा, ट्रॉलीचे डावे चाक फुटले आणि ते बदलल्यानंतर मागचे दिवे पेटत नाहीत. अशा वेळी काम पुढील क्रमाने करावे.

पहिली पायरी डोळ्यांनी पाहण्याची. विजेरीच्या उजेडात बदललेल्या चाकाच्या वरचा भाग, मडगार्ड आणि सांगाड्याच्या कडेने गेलेली तार वीतभर-वीतभर पाहात जावी. तुटलेले टोक, चिरडलेली जागा, उघडे पडलेले तांबे यांपैकी काही ना काही येथेच आढळण्याचा संभव अधिक असतो.

दुसरी पायरी दोष ट्रॅक्टरमध्ये की ट्रॉलीत, हे ठरविण्याची. ट्रॉलीचा प्लग ट्रॅक्टरच्या सॉकेटमधून काढावा आणि दिव्यांचे बटण चालू करावे. तपासणीच्या दिव्याची एक तार ट्रॅक्टरच्या स्वच्छ, उघड्या लोखंडास आणि दुसरी सॉकेटमधील मागच्या दिव्याच्या संपर्कास लावावी. दिवा पेटला तर ट्रॅक्टरपर्यंत वीज नीट येत आहे आणि दोष ट्रॉलीत आहे. पेटला नाही तर फ्यूज पाहावा.

तिसरी पायरी फ्यूजची. जळालेला फ्यूज काढून तितक्याच क्षमतेचा नवा घालावा, आणि प्लग अजून बाहेरच ठेवावा. फ्यूज टिकला, परंतु प्लग लावताच पुन्हा जळाला, तर ट्रॉलीतील उघडी पडलेली तार सांगाड्यास कोठे तरी टेकली आहे, हे निश्चित समजावे. प्लग बाहेर असतानाच फ्यूज जळत असेल, तर दोष ट्रॅक्टरच्या बाजूस शोधावा.

चौथी पायरी दिव्यापाशी. प्लग लावून, होल्डरमध्ये येणारी तार आणि सांगाड्याचे खरवडलेले लोखंड यांच्यामध्ये तपासणीचा दिवा धरावा. तो पेटला तर वीज दिव्यापर्यंत पोहोचते आहे. मग दोष बल्बचा, होल्डरच्या गंजाचा किंवा परतीच्या मार्गाचा असला पाहिजे.

तारांच्या रंगांवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. गावोगावी दुरुस्त्या होताना हाती लागेल त्या रंगाची तार जोडलेली असते. रंगावरून अंदाज बांधावा आणि तपासणीच्या दिव्याने खात्री करावी.

परतीचा मार्ग

वीज बॅटरीतून दिव्यापर्यंत तारेने जाते, पण तिला परत बॅटरीकडे यावे लागते. हा परतीचा मार्ग बहुधा वाहनाच्या लोखंडी सांगाड्यातून असतो. यालाच कारागीर अर्थ म्हणतात. ट्रॅक्टर व ट्रॉली यांना जोडणाऱ्या हुकावर गंज, ग्रीस आणि माती असते. त्यामुळे त्या सांध्यावर परतीसाठी विसंबून चालत नाही. परतीची स्वतंत्र तार प्लगमधून असावयास हवी. टायरच्या आघाताने हीच तार तुटली, तर फसवी लक्षणे दिसतात. दिवे मंद पेटतात. डावीकडे वळण्याची खूण दिली असता मागचा तांबडा दिवाही उघडझाप करतो. ब्रेक दाबताच दुसराच दिवा मिणमिणतो. अशी गोंधळाची लक्षणे दिसली की बल्ब बदलत बसू नये. परतीच्या तारेचे टोक शोधावे, रंग व गंज खरवडून चकचकीत लोखंडावर ते घट्ट आवळावे.

फ्यूजच्या जागी तार घालू नये

वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद घालण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. ती अत्यंत घातक आहे. पाच वॅटचे मागचे दोन दिवे मिळून एक अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतात. ब्रेकचे एकवीस वॅटचे दोन दिवे सुमारे साडेतीन अँपिअर घेतात. इतक्या कामासाठी बसविलेला फ्यूज जळतो, याचा अर्थ प्रवाह भलत्या वाटेने जात आहे. तेथे जाड तार घातली की फ्यूजऐवजी वाहनाची तार तापते, आवरण वितळते आणि शेवटी वाळलेल्या पाचटास आग लागते. पात्याच्या आकाराच्या फ्यूजवर क्षमतेचा आकडा असतो. रंगावरूनही ती ओळखता येते. तांबडा १० अँपिअरचा, निळा १५ चा आणि पिवळा २० चा असतो.

बॅटरीची परीक्षा

काही वाहनांत बॅटरीची पेटी चाकाजवळच असते. पेटीस मार बसला असल्यास बॅटरीस चीर गेली आहे काय, हे पाहावे. गळणारे आम्ल त्वचा व डोळे भाजते. अंगावर उडाल्यास पुष्कळ पाण्याने सतत धुवावे आणि डोळ्यांत गेल्यास धुऊन झाल्यावर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. सांगाड्यावर सांडलेल्या आम्लावर खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतावे.

बॅटरी शाबूत असेल तर अग्रांवरील पकडी हलवून पाहाव्यात. विसावलेल्या, पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ च्या खाली गेला असल्यास ती बरीच उतरली आहे असे समजावे. इंजिन चालू केल्यावर दाब साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. तो चढत नसेल, तर अल्टरनेटरचा पट्टा आणि त्याच्या तारा पाहाव्यात.

पिकअप वाहनांविषयी

भाजीपाला व दूध वाहणाऱ्या पिकअप गाड्या अधिक वेगाने जात असल्याने तेथे आघातही मोठा असतो. पुढचे चाक फुटल्यास त्या बाजूचा मोठा दिवा व हॉर्न यांच्या तारा प्रथम पाहाव्यात. एबीएस बसविलेल्या गाड्यांत चाकापाशी वेग मोजणारा संवेदक असतो. त्याची बारीक तार तुटल्यास फलकावर इशाऱ्याचा दिवा पेटून राहतो. अशा इलेक्ट्रॉनिक तारांना बल्बचा तपासणी-दिवा लावू नये. ते काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

दुरुस्ती टिकाऊ कशी करावी

तुटलेली तार काळी पडली असेल, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत ती कापावी. मधला तुकडा त्याच जाडीच्या तारेचा घालावा, सांधा डाख देऊन किंवा दाबनळीने पक्का करावा आणि वर टेप गुंडाळावी. मग सर्व तार नळीत घालून, चाकाच्या कक्षेपासून दूर, सांगाड्याच्या आतील बाजूने पट्ट्यांनी बांधावी. हुकाजवळ वळण्यापुरती सैल सोडावी, पण ती जमिनीस लोंबू देऊ नये.

मोडलेल्या मडगार्डास विजेचे वेल्डिंग करावयाचे असल्यास बॅटरी व अल्टरनेटर यांच्या जोडण्या आधी सोडवाव्यात. नाहीतर दहा मिनिटांच्या वेल्डिंगपायी अल्टरनेटर निकामी होण्याचा धोका असतो.

दोष रस्त्यावर दूर झालाच नाही, तर रात्री तशीच ट्रॉली पुढे नेऊ नये. सुरक्षित जागी उभी करून उजाडण्याची वाट पाहावी. परावर्तक पट्ट्या दिव्यांची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु दिवा अवचित विझला तर त्याच उपयोगी पडतात. म्हणून त्या स्वच्छ ठेवाव्यात आणि उसाखाली झाकू देऊ नयेत.

गावात करता येण्याजोगे काम

हे काम एकट्या चालकाचे नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एका सायंकाळी गावातील ट्रॅक्टर व ट्रॉल्या एकत्र आणवाव्यात. एकाने चालकाच्या जागी बसून दिवे, ब्रेक आणि वळणाच्या खुणा क्रमाने द्याव्यात, दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. एका ट्रॉलीस पाच मिनिटे पुरतात. त्याच वेळी टायरमधील हवा व झीज पाहिली, तर वाटेत टायर फुटण्याचे प्रसंगही कमी होतील. जेथे दोष आढळेल तेथे तो सर्वांसमक्ष शोधून दाखवावा, म्हणजे पाहणाऱ्यांनाही ती विद्या येईल.

टायर बदलणाऱ्या प्रत्येक चालकाने एक सवय लावून घ्यावी. निघण्यापूर्वी दिवे लावावेत, खाली उतरावे आणि ट्रॉलीच्या मागे जाऊन ते पेटले आहेत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.