ठेवी वाढल्या, उद्योग वाढला काय?

गोमंतकांतील बँकांच्या ठेवींचा आंकडा प्रसिद्ध झाला कीं, प्रांत भरभराटींत असल्याची ग्वाही देण्याचा प्रघात पडला आहे. दरडोई ठेवींच्या बाबतींत हें छोटें राज्य देशांत अग्रभागीं आहे, ही गोष्ट खरी. परंतु शेजाऱ्यानें विश्वासानें ठेवावयास दिलेली रक्कम गल्ल्यांत पाहून जो व्यापारी आपला धंदा चालला असें मानील, त्यास आपण शहाणा म्हणूं काय?

ठेव म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें काय, तें आधीं पाहूं. १८४८ सालीं इंग्लंडांतील हाउस ऑफ लॉर्ड्सनें फोली विरुद्ध हिल या खटल्यांत असें ठरविलें कीं, ठेवीदार हा धनको व बँक ही ऋणको होय. ठेवलेला पैसा बँकेचा होतो, आणि तिनें तो कोठें गुंतवावा हें सांगण्याचा अधिकार ठेवीदारास उरत नाहीं. आपल्याकडील न्यायालयेंही हेंच तत्त्व मानतात. तेव्हां म्हापशाच्या शाखेंत जमलेला पैसा म्हापशाच्याच बाजारास लागेल, अशी हमी कोणी दिलेली नाहीं. पैसा कोणत्या शाखेंत जमा आहे, एवढेंच ठेवीचा आंकडा सांगतो. तो कोठें मिळविला हें सांगत नाहीं. गोव्यांतील ठेवींचा चांगलासा हिस्सा जहाजावर राबणाऱ्या तारवटीचा आणि आखाती देशांत नोकरी करणाऱ्याचा आहे. घाम तेथें गळतो, नोंद येथें होते.

याचा पडताळा २०१२ सालीं आला. त्या सप्टेंबरांत खाणी बंद झाल्या. २०१८ च्या मार्चांत त्या पुन्हा थांबल्या. डिचोली, सांगें या भागांत ट्रक दारांत उभे राहिले, बार्जी नदींत पडून राहिल्या, हप्ते थकले आणि सरकारास कर्जदारांसाठीं सवलतीची योजना काढावी लागली. तरीही राज्याच्या एकूण ठेवी वाढतच गेल्या! ज्या मापास एवढा आघात जाणवला नाहीं, त्यानें प्रांताची प्रकृति तपासावयाची कशी?

खरा प्रश्न ठेवीमागें कर्ज किती, हा आहे. देशांत शंभर रुपयांच्या ठेवीमागें सत्तर रुपयांहून अधिक कर्ज दिलें जातें. गोव्यांत तें सुमारें तीस रुपये आहे. मुंबईच्या शाखेंत मंजूर होऊन गोव्यांत वापरलें जाणारें कर्ज मुंबईच्या खात्यांत मोजलें जातें, हें बँकवाल्यांचें उत्तर अगदींच खोटें नाहीं. पण त्यानें एवढी दरी बुजत नाहीं. १९६९ सालीं चौदा बँका राष्ट्राच्या झाल्या, आणि त्याच वर्षीं धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटानें प्रदेशवार कर्जयोजनेची शिफारस केली, ती हीच दरी बुजविण्यासाठीं.

मात्र सर्व दोष बँकांच्या माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. बँक तारण मागते, आणि गोव्यांत तारणाचा कागद मिळणें हेंच दुर्घट. पोर्तुगीज अंमलापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यान्वयें, विवाहसमयीं वेगळा करार नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते. एकाच्या सहीवर स्थावर गहाण पडत नाहीं. या कायद्यास आमचा विरोध नाहीं; उलट, स्त्रीच्या हक्काचें जें रक्षण त्यानें केलें तें इतर प्रांतांस फार उशिरां सुचलें. अडचण येते ती वारशांत. पणजोबांच्या नांवचें घर वांटणीच्या निवाड्याशिवाय पडून असतें. एक वारस मडगांवीं, दुसरा मुंबईस, तिसरा लिस्बनला. सह्या गोळा करावयाच्या कोणीं? मुंडकाराची स्थिति याहून बिकट. १९७५ च्या कायद्यानें त्याचें राहतें घर राखलें. पण घराखालची जमीन खरेदी होऊन त्याच्या नांवावर चढेपर्यंत बँकेच्या वकिलापुढें ठेवावयास त्याच्यापाशीं कांहीं नसतें. असा होतकरू सुतार किंवा बेकरीवाला भारी व्याजानें पैसा उचलतो, आणि त्याच्याच आळींतील बँकेंत ठेवींचा ढीग वाढत राहतो.

राज्यस्तरीय बँकर्स समितीनें आपले आंकडे तालुकावार, आणि परदेशस्थांच्या, सरकारी व घरगुती ठेवी निरनिराळ्या दाखवून मराठींत व कोंकणींत छापावे. मुंडकारांच्या खरेदीचीं प्रकरणें किती वर्षें तुंबून आहेत, हेंही मामलेदार कचेऱ्यांनीं त्याच वेळीं जाहीर करावें. पणजी, मडगांव व म्हापसें येथील व्यापाऱ्यांनीं ही मागणी समितीच्या पुढील बैठकीपूर्वीं लेखी करावी.