मंद आचेची बचत

गावाकडच्या मातीच्या चुलीला शेजारी एक लहान तोंड असे. त्याला वैल म्हणत. चुलीवर भाकऱ्या चालू असताना उरलेल्या धगीवर वैलावरची आमटी रटरटत राही. तिच्यासाठी वेगळं सरपण लागत नसे की कुणाला ढवळत बसावं लागत नसे. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत हे काम गेली पन्नासहून अधिक वर्षं विजेवर तापणारं एक चिनी मातीचं भांडं करतं आहे. त्याचं नाव स्लो कुकर.

या भांड्याची मूळ गोष्ट लिथुआनियातल्या ज्यू वस्तीतली आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो आणि शनिवार सरेपर्यंत चूल पेटवायची नाही, असा ज्यूंचा धर्मनियम. म्हणून शुक्रवारी दुपारीच घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, बार्ली, बटाटे आणि मटणाचा एखादा स्वस्त तुकडा मडक्यात भरून ते बेकरीत नेऊन द्यायचं. भट्टीच्या विझत्या उष्णतेत ते रात्रभर शिजे. या पदार्थाला चोलंट म्हणतात. अर्व्हिंग नॅक्सन या शिकागोच्या संशोधकाने विल्ना शहरातली ही आठवण आईकडून ऐकली होती. भट्टीशिवाय तसंच शिजवायचं, तर आतल्या मडक्याला चहूबाजूंनी सौम्य ऊब द्यायला हवी, हे त्याने हेरलं. त्याने १९३६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि जानेवारी १९४० मध्ये त्याला ते मिळालं. त्याच्या यंत्राचं नाव होतं ‘नॅक्सन बीनरी’, म्हणजे साधं कडधान्य शिजवायचं भांडं.

पुढे १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि दुसऱ्याच वर्षी हे भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. किंमत होती सुमारे २५ डॉलर. पहिल्या वर्षी विक्री २० लाख डॉलरची झाली आणि १९७५ पर्यंत ती ९ कोटी ३० लाखांवर गेली. तो काळच तसा होता. बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर महागाई घरोघरी जाणवू लागली होती. सकाळी भांडं भरून जायचं आणि संध्याकाळी दार उघडताच शिजल्याचा वास यायचा, हे सुख त्या घरांना परवडणारं होतं.

खरी बचत कुठे होते, हे मात्र नीट पाहायला हवं. साधारण २०० वॅटचं भांडं आठ तास चालवलं तर फार तर दीड-पावणेदोन युनिट वीज जाते. हे थोडं आहे, पण फुकट नाही. आपल्याकडचा प्रेशर कुकर वाफेच्या दाबामुळे १२० अंशांच्या आसपास पोचतो आणि तीच डाळ काही मिनिटांत, त्याहून कमी इंधनात शिजवतो. म्हणून मीटरकडे पाहून स्लो कुकर घेणारा फसेल. त्याची कमाई बाजारच्या पिशवीत आहे. स्वस्त जिन्नस हा बहुधा चिवट असतो आणि त्याला पैशापेक्षा वेळ जास्त लागतो.

मटणाचेच घ्या. सांध्याजवळचा, पायांचा, मानेचा भाग स्वस्त मिळतो, कारण तिथे कोलॅजन नावाचा चिवट धागा भरपूर असतो. सत्तर-ऐंशी अंशांवर तो तासन्‌तास राहिला की विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि मग रस्सा बोटांना चिकटतो. मुंबईत भेंडीबाजारच्या निहारीची चव याच रात्रभराच्या शिजण्यातून येते. गंमत म्हणजे बटाटा आणि गाजर मटणापेक्षा हट्टी निघतात. त्यांना मऊ व्हायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणून ते तळाशी, भांड्याच्या कडेला लावायचे आणि मटण वर ठेवायचं.

काचेच्या झाकणाखाली काय चालतं, ते एकदा बघत बसावं. वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब कडेला ओघळतात आणि तिथे पाण्याचं बारीक कडं तयार होतं. तेच झाकण धरून ठेवतं. पाणी जवळजवळ आटत नाही, म्हणून नेहमीपेक्षा कमीच घालायचं. मध्येच झाकण उघडलं तर कोंडलेली ऊब निघून जाते आणि स्वयंपाक वीस-तीस मिनिटं लांबतो. चिंच, आमसूल, टोमॅटो हे शेवटी घालायचे. आंबटात कडधान्य मऊ व्हायला वेळ लागतो.

परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना हे भांडं फार उपयोगी पडतं. खोलीत गॅस नसला तरी चालतं आणि पोळ्यांशेजारी वाढायला उसळ तयार मिळते. फोडणी तेवढी वेगळ्या कढल्यात करावी लागते.

एका बाबतीत मात्र कुणीही हयगय करू नये. राजमा कच्चा या भांड्यात घालायचा नाही. त्यातलं फायटोहीमॅग्लुटिनिन हे विषारी द्रव्य खळखळत्या उकळीशिवाय नष्ट होत नाही. ऐंशी अंशांवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधतो. चार-पाच दाण्यांनीही उलट्या सुरू होऊ शकतात. राजमा किमान पाच तास भिजवून ते पाणी टाकून द्यावं, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा.

ज्यांना हे यंत्र घ्यायचंच नाही, त्यांच्यासाठी एक जुना मार्ग आहे. योहान सोरेन्सेन या नॉर्वेच्या गृहस्थाने १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ऊब धरून ठेवणारी स्वयंपाकाची पेटी मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात इंधन जपणाऱ्या ब्रिटिश घरांनी खोक्यात गवत भरून तेच केलं. आपल्या घरात गवताची जागा गोधडी घेईल. घट्ट झाकणाच्या जाड बुडाच्या पातेल्यात मुगाच्या डाळीची खिचडी दहा मिनिटं उकळा. झाकण न उघडता पातेलं दोन गोधड्यांत गुंडाळून तासभर बाजूला ठेवा आणि गरम असतानाच खा. स्लो कुकर विकत घेण्याआधी हे एकदा करून पाहा. त्यासाठी फक्त त्या दहा मिनिटांचा गॅस लागतो.