घरी भजन रेकॉर्ड करायचंय? ऑडिओ इंटरफेस किती चॅनेलचा घ्याल?

भजनाचा व्हिडिओ मोबाइलवर काढला की बहुतेक वेळा एकच गत होते. टाळ कानात घुसतात, पेटी सगळ्यांवर चढते आणि मुख्य गाणाऱ्याचे शब्द त्यात हरवतात. व्हिडिओ ग्रुपवर जातो आणि खाली ‘आवाज नीट येत नाही’ अशा कमेंट येतात. मग कोणीतरी एखादं ॲप घेऊन आवाज ‘साफ’ करायला बसतं. पण पेटी कमी केली की गळाही कमी होतो.

दोष मोबाइलचा नाही. मोबाइलने सगळे आवाज एकत्रच टिपले आहेत. चहात विरघळलेली साखर परत काढता येत नाही, तसंच हे. आवाज वेगळे करणारी एआयची साधनं आता मिळतात, पण ती साधारणपणे गळा, ड्रम, बास आणि ‘इतर’ अशी विभागणी करतात. पेटी, मृदंग आणि टाळ त्यातून वेगवेगळे हाती येत नाहीत.

यावर पक्का उपाय म्हणजे आवाज सुरुवातीपासूनच वेगळे ठेवणं. मल्टिचॅनेल ऑडिओ इंटरफेस हेच काम करतो.

हे कोणाला हवं?

रिद्धपूरचं उदाहरण घेऊ. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभाव पंथाचं तीर्थस्थान आहे. गोविंदप्रभूंचं हे गाव. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र इथेच सिद्ध केलं. महदाइसेचे धवळे, म्हणजे लग्नात गायची गाणी, तीही इथलीच. धवळ्यांचे शब्द पोथ्यांमधून आपल्यापर्यंत पोचले. पण महदाइसेने ते कोणत्या चालीवर म्हटले, हे आज कोणालाच ऐकता येत नाही. पोथीत शब्द राहतात, चाल राहत नाही.

आजही अनेक घरांत अशा चाली फक्त एखाद्या आजीच्या किंवा आजोबांच्या गळ्यात असतात. आरती, ओवी, लग्नातली गाणी, एकादशीचं भजन. हे रेकॉर्डिंग दहा वर्षांनी पुन्हा करता येईलच असं नाही. म्हणून ते एकदाच, पण नीट करायला हवं.

इंटरफेस म्हणजे नेमकं काय?

माईकमधून येणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो. इंटरफेस आधी तो वाढवतो. हे काम करणाऱ्या भागाला प्रीॲम्प म्हणतात. मग त्या संकेताचे आकडे करून ते यूएसबीतून लॅपटॉपला देतो. चार माईक लावले तर लॅपटॉपवर चार वेगळे ट्रॅक तयार होतात. भजन संपल्यावर पेटीचा ट्रॅक खाली घ्यायचा, गळ्याचा वर करायचा, एवढं सोपं होतं.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. मंडळाकडे यूएसबी असलेला मिक्सर असतो आणि वाटतं की काम झालं. पण बरेच स्वस्त मिक्सर यूएसबीतून फक्त डावा-उजवा असे दोनच चॅनेल बाहेर देतात. मिक्सरवर दहा माईक लावले तरी लॅपटॉपवर सगळं एकत्रच पोचतं. मिक्सर घेताना ‘प्रत्येक चॅनेल यूएसबीवर वेगळा मिळतो का?’ एवढा एकच प्रश्न विचारा.

डब्यावरचा आकडा फसवा असतो

फोकसराइट स्कार्लेट 18आय20 या नावात 18 इनपुट आहेत. पण त्यात थेट माईक लावायच्या जागा आठच. बाकीचे डिजिटल इनपुट, त्यांना वेगळं उपकरण जोडावं लागतं. बेहरिंगर यूएमसी1820 चंही तसंच, माईक आठच. याउलट यूएमसी404एचडी या छोट्या इंटरफेसला चारही जागी माईक लागतात. म्हणून एकूण इनपुटच्या आकड्याकडे पाहू नका, माईकचे प्रीॲम्प किती आहेत ते पाहा.

मग किती घ्यायचे?

घरात किती वाद्यं आहेत ते नका मोजू. नंतर कोणता आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करावा लागेल, ते मोजा. सहा-सात जणांचं भजन धरून पाहू.

• मुख्य गाणारा किंवा गाणारी: 1 माईक. हा कधीही दुसऱ्याच्या वाट्यात घालू नका.
• मागे धरणारे: सगळ्यांना मिळून 1 माईक. ते अर्धवर्तुळात बसले की पुरतं.
• पेटी: 1 माईक.
• मृदंग किंवा तबला: 1 माईक चालतो, दोन्ही बाजू स्वतंत्र हव्या असतील तर 2.
• टाळ: 0. टाळ न बोलावता प्रत्येक माईकमध्ये येतात.

म्हणजे चार, फार तर पाच. एकटं गाणं किंवा ओवी असेल तर दोन चॅनेल पुरतात. चार-पाच माणसांच्या घरगुती भजनाला चार. मंडळ मोठं असेल, खंजिरी, ढोलकी, बासरी असं सगळं असेल तरच आठ. आठ चॅनेलचा इंटरफेस घेऊन माईक दोनच उरले, तर पैसे चुकीच्या जागी गेले. माईक, स्टँड आणि एक्सएलआर केबल यांचा खर्च आधी मांडा, मग इंटरफेस ठरवा.

‘दोन चॅनेलचा एक आहे, दुसरा तसाच घेऊन चार करू’ हा हिशेब मात्र जमत नाही. विंडोजवर रेकॉर्डिंगसाठी वापरला जाणारा एएसआयओ ड्रायव्हर साधारणपणे एका वेळी एकच इंटरफेस चालवतो. शिवाय दोन्ही डब्यांची घड्याळं स्वतंत्र. त्यांच्यात दहा लाखात वीस भागांचा फरक असला तरी तासाभरात ट्रॅक 72 मिलिसेकंदांनी सरकतात, आणि टाळ मृदंगाच्या मागे पडू लागतो.

लॅपटॉप नसेल तर?

झूम एच6 सारखा हातात मावणारा रेकॉर्डर चार एक्सएलआर माईक घेतो, मेमरी कार्डवर वेगवेगळे ट्रॅक लिहितो आणि सेलवर चालतो. लॅपटॉपला जोडला की तोच इंटरफेसचंही काम करतो. गावात वीज जाण्याची भीती असेल तर हा पर्याय बरा.

इंटरफेसच घ्यायचा असेल तर एक लक्षात ठेवा. दोन चॅनेलचे बरेच इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतात, पण आठ चॅनेलवाल्यांना स्वतःचा वीजपुरवठा लागतो. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि इंटरफेस बंद पडतो. त्याला यूपीएस द्या. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर माईकमध्ये घरघर येऊ शकते, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी इन्व्हर्टरवर पाच मिनिटं ऐकून पाहा. सतत ‘हम्म’ असा आवाज येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. पुष्कळदा तेवढ्यानेच तो थांबतो.

माईक कुठे ठेवायचा?

घराच्या खोलीत महागड्या माईकपेक्षा माईकची जागा जास्त काम करते. भजनात वापरले जाणारे बहुतेक डायनॅमिक माईक समोरचं जास्त आणि पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतात. म्हणून टाळकऱ्यांना गाणाऱ्याच्या माईकच्या पाठीकडे, जमेल तितकं लांब बसवा. या एका बदलाने निम्मी तक्रार मिटते.

गाणाऱ्याचा माईक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. म्हणजे ‘प’, ‘फ’ चा फुत्कार थेट आत जात नाही. पेटीचा माईक वरून, हातभर अंतरावर. भात्याच्या बाजूला ठेवला तर हवेचा फुसफुसाट येतो. दोन माईकमधलं अंतर हे माईक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा. माईक पेटीपासून एक फूट असेल, तर शेजारचा माईक त्याच्यापासून तीन फूट लांब. नाहीतर एकच आवाज दोन ठिकाणी थोडा मागेपुढे पोचतो आणि मिसळल्यावर पोकळ वाटतो.

कंडेन्सर माईक असेल तर इंटरफेसवरचं 48 व्होल्टचं बटण दाबावं लागतं. हीच फँटम पॉवर. साध्या डायनॅमिक माईकला ती लागत नाही. पण कंडेन्सर माईक पंखा, कूलर, बाहेरची दुचाकी असं सगळं टिपतो, त्यामुळे घरात डायनॅमिकच सोपा. कूलर तर बंदच हवा. वैशाखात वऱ्हाडात दुपारी कूलर बंद करून कोणी गाणार नाही, तेव्हा पहाटेची वेळ धरा. भिंतींना सतरंज्या, गोधड्या टांगल्या की घुमणंही कमी होतं.

गेन किती ठेवायचा?

सर्वांत जास्त रेकॉर्डिंग इथे बिघडतात. भजन संथ सुरू होतं आणि शेवटी गजरात लय चढते, आवाजही चढतो. सुरुवातीच्या आवाजावर गेन लावला तर गजरात लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही. हळू टिपलेला आवाज मात्र वाढवता येतो.

म्हणून चाचणी घेताना ‘गजर म्हणून दाखवा’ असं सांगा. त्यातला सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास येईल एवढाच गेन ठेवा. खंजिरी असेल तर आणखी खाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी या भागात घरोघरी ओळखीची आहे, आणि तिची थाप क्षणात उसळून वर जाते.

रेकॉर्डिंग 24 बिटवर करा. 16 बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात साधारण 96 डेसिबलचं अंतर मावतं. 24 बिटमध्ये कागदोपत्री 144. प्रत्यक्षात इतकं मिळत नाही, पण गेन कमी ठेवूनही पार्श्वभूमीचा खरखराट वाढत नाही एवढी जागा नक्की मिळते. व्हिडिओसोबत जोडायचं असल्याने 48 किलोहर्ट्झ ठेवा.

या मापाने एका ट्रॅकची तासाची फाइल सुमारे 520 एमबी होते. चार ट्रॅक म्हणजे दोन जीबीहून थोडं जास्त. सुरू करण्याआधी डिस्कवर जागा आहे ना, ते बघा.

व्हिडिओशी जोडायचं कसं?

मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ सुरू करा, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवा. दोन्हीकडे तिची उंच रेघ दिसते. त्या जुळवल्या की ओठ आणि आवाज जुळले. मोबाइलचा आवाजही जपून ठेवा. लॅपटॉपने दगा दिला तर निदान तेवढं हाती राहील.

हेडफोन रेकॉर्डिंग करणाऱ्याने घालावा. एका खोलीत बसलेल्या गाणाऱ्यांना त्याची गरज नाही, ते एकमेकांना ऐकूनच गातात. नंतर कोणी स्वतंत्रपणे बासरी भरणार असेल तरच हेडफोन द्या आणि इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ सुरू करा. नाहीतर लॅपटॉपमधून फिरून येणारा आवाज उशिरा पोचतो आणि वाजवणारा अडखळतो.

मिक्स झाल्यावर मूळ ट्रॅक पुसू नका

अपलोड झालं की लॅपटॉपवरची जागा मोकळी करण्यासाठी मूळ ट्रॅक उडवले जातात. हे टाळा. रीलसाठी दीड मिनिटाचा मिक्स पुरतो, पण खरा ठेवा त्या वेगळ्या ट्रॅकमध्ये आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्या पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडे जाऊन गोळा केल्या. पुढे हस्तलिखितांत वेगवेगळ्या सांगणाऱ्यांचे पाठ वेगळे नोंदले गेले, म्हणून अभ्यासकांना ते ताडून पाहता येतात. आवाजाचंही तसंच आहे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. उद्या कोणी वऱ्हाडी उच्चारांचा किंवा चालींचा अभ्यास करायला बसलं, तर पेटीखाली दबलेल्या मिक्सपेक्षा आजीच्या गळ्याचा एकटा ट्रॅक त्याला कितीतरी उपयोगी पडेल.

फाइलला नाव देताना ‘ट्रॅक 1’ लिहू नका. गाव, तारीख, गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव आणि ‘गळा’, ‘पेटी’ असं लिहा. एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. आणि रेकॉर्डिंग करण्याआधी, नेटवर टाकण्याआधीही, गाणाऱ्यांना विचारा. घरातलं गाणं सगळ्यांनी ऐकावं की नाही, हे त्यांनीच ठरवायचं.

थोडक्यात

• स्वतंत्रपणे कमी-जास्त करायचे आवाज मोजा, तेवढेच माईक प्रीॲम्प घ्या.
• घरगुती भजनाला बहुधा चार चॅनेल पुरतात.
• टाळ माईकच्या पाठीकडे, लांब.
• गेन गजरावर लावा, सुरुवातीवर नाही.
• 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, आणि सुरुवातीला एक टाळी.
• मूळ ट्रॅक तीन ठिकाणी ठेवा.