टबातलं पाणी आधी ओता

"कासव आणलंय, दोन दिवस झाले, खातच नाही. रुळायला किती वेळ लागतो हो?" मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी उलट विचारतो, पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत का? बहुतेकदा असतात. आणि कासव बाथरूममधल्या टबात, पाण्यात!

अहो, ते स्टार कासव. जमिनीवरचं. पाय हत्तीसारखे, बोटांना पडदे नाहीत. खोल पाण्यात ते बुडून मरतं. राजस्थान-गुजरातच्या आणि दक्षिणेतल्या कोरड्या रानात गवत-पाला खाणारा हा जीव. ओल्या फरशीवर तो मान आत ओढून बसतो आणि घरचे म्हणतात, "बघा, शांत झालं." शांत नाही, भेदरलंय.

पण खरा वैताग पुढच्या वाक्याचा: "दुकानदार म्हणाला, परवाना लागत नाही. वाघ थोडाच पाळलाय?" कायद्यापुरता वाघच पाळलाय. वन्यजीव संरक्षण कायद्याची 2022ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि स्टार कासव अनुसूची 1 मध्ये गेलं. वाघही त्याच यादीत. शिक्षा तीन ते सात वर्षं, दंड किमान 25 हजार. विकणाऱ्यालाच नाही, घरात ठेवणाऱ्यालाही. "आम्ही जिवापाड जपतो" याला कायद्यात कलम नाही. वास्तूसाठी हवंय? देवळातलं कासव दगडाचं असतं. ते केव्हाच रुळलेलं आहे.

पाठ टणक म्हणून त्याला काही कळत नाही, हेही खोटं. कणा आणि बरगड्या कवचालाच जोडलेल्या असतात. आणि पाठीवर चांदण्या नसतील, कानामागे लाल पट्टा असेल, तर ते हिरवं पिल्लू अमेरिकेतलं. मोठं झालं म्हणून पवईच्या तलावात सोडणं पुण्य नव्हे, तिथल्या कासवांच्या तोंडचा घास काढणं आहे. लहान मुलांना निरुपद्रवी? साल्मोनेलामुळे अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांची विक्री 1975 मध्येच बंद केली.

स्टार कासव घरात असेलच, तर वनखात्याच्या 1926 क्रमांकावर कळवा. माणसं येईपर्यंत भोकं पाडलेला कोरडा खोका, तळाशी कागद, शांत कोपरा. उचलायचंच झालं तर दोन्ही हातांनी, कडेने, उलटं न करता. फोटोसाठी तर मुळीच नको.

आणि फोन लावण्याआधी त्या टबातलं पाणी ओतून टाका.